एका बाजूला धूसर येणारे छायाचित्र आणि प्रकाशीय अलाइनमेंटमधील करिअर

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. छायाचित्रणाची आवड असल्याने साठवलेल्या पैशांतून एफ/१.४ ची, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र खूप मोठे उघडणारी, एक लेन्स घेतली. पण तिच्या प्रत्येक छायाचित्रात उजवी बाजू धूसर येते. सेवाकेंद्राने तपासून ‘लेन्स ठरलेल्या मर्यादेत आहे’ असे सांगितले. मैत्रिणीकडे त्याच मॉडेलची लेन्स आहे, ती मात्र चारही कोपऱ्यांत स्वच्छ चित्र देते. असे दोष शोधण्याचे काम कोण करते, त्यासाठी काय शिकावे लागते आणि मला जाड भिंगांचा चष्मा असताना हे काम जमेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती मैत्रिणीच्या लेन्सची आहे. लेन्सच्या रचनेतच उणीव असती, तर ती त्या मॉडेलच्या प्रत्येक नगात दिसली असती आणि अक्षाभोवती सारखी पसरली असती, म्हणजे चारही कोपरे एकसारखे धूसर आले असते. एकच बाजू बिघडते तेव्हा आतले एखादे भिंग प्रकाशीय अक्षापासून, म्हणजे सर्व भिंगांच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेपासून, सरकले आहे किंवा किंचित कलले आहे, असा संशय घ्यावा लागतो. या क्षेत्रातील लोक पहिल्या प्रकाराला डीसेंटरिंग आणि दुसऱ्याला टिल्ट म्हणतात.

मात्र संशय म्हणजे निदान नव्हे. कॅमेरा भिंतीला काटेकोर समांतर नसला तरीही एक बाजू धूसर येते. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून सपाट, बारीक तपशील असलेल्या पृष्ठाचे छायाचित्र घ्या आणि मग कॅमेरा १८० अंशांत उलटा करून तेच पुन्हा करा. धूसरपणा चौकटीच्या त्याच बाजूला राहिला, तर दोष उपकरणात आहे. तो पृष्ठाच्या त्याच भागाला चिकटून राहिला, तर दोष मांडणीत आहे. त्यानंतर त्याच कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स लावून पाहा, म्हणजे सेन्सर किंवा माउंट (लेन्स जिथे बसते ते कडे) तिरके असण्याची शक्यताही तपासली जाईल. तुम्ही ज्या व्यवसायाबद्दल विचारता आहात, त्याचा गाभा हाच आहे : एकाच लक्षणाची अनेक कारणे असू शकतात आणि ती एकेक करून वेगळी काढावी लागतात.

भिंगे अक्षावर अचूक जुळवण्याचे, म्हणजे प्रकाशीय अलाइनमेंटचे, काम आज पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) आकाराच्या ६१ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ३.८ मायक्रॉनचा असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एफ/१.४ वर तेवढ्याच आकाराचा धूसरपणा मान्य केला, तरी प्रतिमेचे प्रतल जेमतेम ११ मायक्रॉनच्या पट्ट्यात राहावे लागते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. त्यात आधुनिक लेन्समध्ये पंधरा-वीस भिंगे असतात. त्यांतले काही गट फोकससाठी मोटरच्या साहाय्याने पुढे-मागे सरकतात आणि प्रतिमा स्थिर राखणारा गट तर मुद्दामच अक्षाबाहेर हलवला जातो. प्रत्येक भिंगाची अल्पशी चूक एकटीने निरुपद्रवी असली, तरी त्या चुका एकाच दिशेने जमल्या की तुम्हाला मिळाले तसे चित्र मिळते.

एक बारकावा येथे सांगितलाच पाहिजे, कारण त्यात या क्षेत्रातील पुष्कळ अभियांत्रिकी सामावलेली आहे. गोलीय भिंगाच्या दोन पृष्ठांची वक्रताकेंद्रे जोडणारी रेषा हाच त्याचा अक्ष असतो, त्यामुळे त्या अक्षाला धरून कडा घासली की भिंग केंद्रित होते. अगोलीय, म्हणजे गोलाचा भाग नसलेल्या, पृष्ठाला मात्र स्वतःचा अक्ष असतो. साच्यात दाबून बनवलेल्या भिंगाच्या दोन बाजूंचे अक्ष साच्यातच एकमेकांपासून सरकलेले असतील, तर नंतर कितीही कडा घासली तरी ते जुळत नाहीत. म्हणजे जोडणीत दिसणाऱ्या दोषाचे मूळ कधी कधी साच्याच्या कारखान्यात असते, आणि ते तिथपर्यंत शोधत जाणारा माणूस फार मौल्यवान ठरतो.

तुमच्या ‘कोण करते’ या प्रश्नाचे उत्तर एका पदनामात मावणारे नाही. रचनाकार संगणकावर हजारो काल्पनिक नग तयार करून, प्रत्येकात यादृच्छिक चुका पेरून, कोणत्या भिंगाला किती सूट देता येईल हे ठरवतात. जोडणी विभागात भिंग फिरत्या पीठावर ठेवून त्याच्या पृष्ठावरून परावर्तित झालेली खूण किती भोवंडते हे ऑटोकॉलिमेटर या सूक्ष्म कोन मोजणाऱ्या उपकरणाने पाहतात. भिंगगट आवश्यक तिथे पातळ चकत्या घालून किंवा आडवा सरकवून जागेवर आणला जातो. फोनच्या छोट्या कॅमेऱ्यांत सेन्सर चालू ठेवूनच लेन्स सूक्ष्मपणे हलवतात आणि उत्तम प्रतिमा मिळताच अतिनील प्रकाशाने गोंद घट्ट करतात. शेवटी एमटीएफ, म्हणजे किती बारीक रेषांचा किती उठाव लेन्स टिकवते, हे मोजले जाते. सिग्मा या जपानी कंपनीने सुमारे २०१२ पासून आपल्या नव्या मालिकेतील प्रत्येक लेन्स ‘ए१’ नावाच्या स्वतःच्या एमटीएफ यंत्रावर तपासण्यास सुरुवात केली. प्रत्येक नग तपासणे आणि काही नमुने तपासणे यांत मोठे अंतर आहे.

आता सेवाकेंद्राच्या उत्तराबद्दल. ‘मर्यादेत आहे’ हे विधान खरेही असू शकते. मर्यादा निर्माता ठरवतो. ती कडक केली तर बाद नग वाढतात आणि सैल केली तर तुमच्यासारख्या ग्राहकाला त्रास होतो. तुम्ही शांतपणे विचारायला हवे ते असे : मापन कोणत्या छिद्रावर, किती अंतरावर आणि चौकटीतील कोणत्या बिंदूंवर केले? केवळ मध्यबिंदू तपासला असेल, तर उजव्या कडेबद्दल ते मापन काहीच सांगत नाही.

या पेशातील सर्वांत मोठी जबाबदारी हबल दुर्बिणीच्या इतिहासातून कळते. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या या दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने अधिक सपाट घासला गेला होता, कारण घासताना तपासणीसाठी वापरलेल्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. दुसऱ्या, कमी अचूक समजल्या गेलेल्या उपकरणांनी चूक दाखवली होती. ती मापने बाजूला सारली गेली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी सुधारक प्रकाशिकी बसवल्यावरच प्रतिमा सुधारली. दोन मापने जुळत नसताना काम थांबवण्याचे धैर्य गुणवत्ता नियंत्रकाकडे असावेच लागते, आणि निवड करताना मी स्वतः हा गुण गणितातील गुणांच्या आधी पाहीन.

अभ्यासाबाबत माझा आग्रह असा की, लेन्स-रचनेच्या आकर्षणापायी सांख्यिकी सोडू नका. भौमितिक व तरंग प्रकाशिकी तुम्ही शिकालच. परंतु तेच मापन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने केल्यास किती बदलते हे सांगता येत नसेल, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. त्याच्या जोडीला यांत्रिक आराखडे वाचणे, तापमानाने धातू व काच किती प्रसरण पावतात याची जाण आणि प्रतिमांचे विश्लेषण करण्याइतकी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आवश्यक आहे. प्रकाशीय आराखड्यांसाठीचे आयएसओ १०११० आणि कॅमेऱ्याच्या तपशीलक्षमतेच्या मापनासाठीचे आयएसओ १२२३३ ही मानके काय मागतात, हे आत्तापासून पाहून ठेवा. पदवीनंतर प्रकाशिकी किंवा प्रकाशीय अभियांत्रिकीतील पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. शक्य असल्यास जिथे इंटरफेरोमीटर (प्रकाशतरंगांच्या व्यतिकरणाने पृष्ठाचा आकार मोजणारे उपकरण) विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हाताळू देतात अशी प्रयोगशाळा निवडावी.

केवळ कॅमेरा कंपन्यांवर भिस्त ठेवू नका. जपानी कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० नंतर ही वार्षिक संख्या एक कोटीच्या खाली आली. अलाइनमेंटचे कौशल्य मात्र फोन, वाहनांतील कॅमेरे, सूक्ष्मदर्शक, एंडोस्कोप, चिप-निर्मितीची यंत्रे आणि दुर्बिणी यांनाही तितकेच लागते.

चष्म्याची काळजी करू नका. केंद्रण, एमटीएफ आणि पृष्ठाचा आकार आज बहुतांशी सेन्सरच मोजतो. काचेवरील ओरखडे डोळ्यांनी पाहण्याच्या कामात जवळची दृष्टी चांगली लागते, पण ती चष्म्यासह चांगली असली तरी सहसा चालते. उलट्या कॅमेऱ्याच्या चाचणीची दोन्ही छायाचित्रे, छिद्र आणि अंतराच्या नोंदीसह, सेवाकेंद्राकडे पाठवा आणि त्यांची एक प्रत स्वतःकडे जपून ठेवा. पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जात तुमच्या आवडीबद्दल परिच्छेदभर लिहिण्यापेक्षा हा छोटा अहवाल जोडणे अधिक उपयोगी पडेल.