निकाल आधी सांगू नकोस

प्रिय,

अकरावीला कायदा शिकवायला मिळाला, हे वाचून बरं वाटलं. पण पहिल्याच तासाला कॅनडाच्या चार्टरची, म्हणजे राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेची, सगळी कलमं फळ्यावर? नको गं. मीही ब्रॅम्प्टनला पहिल्या वर्षी तेच केलं होतं. दहा मिनिटांत मागचा बाक पेंगायला लागला.

मुल्तानी खटल्यापासून सुरू कर. २००१ साली मॉन्ट्रियलच्या एका शाळेच्या आवारात बारा वर्षांच्या शीख मुलाची कृपाण खाली पडली. एवढीशी गोष्ट, पण कृपाणीवर बंदी आली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल २००६ चा आहे, तो पहिल्या दिवशी अजिबात फोडू नकोस. मुलाच्या बाजूने जे तावातावाने बोलतील, त्यांनाच शाळेची बाजू मांडायला लाव. कुरकुरतील, पण 'सुरक्षितता' हा शब्द तेव्हाच त्यांच्या तोंडून नीट निघतो.

माझी एक चूक मात्र करू नकोस. वाद रंगात आला आणि मी पहिल्या बाकावरच्या पगडीवाल्या मुलाला म्हटलं, "तू सांग, तुला काय वाटतं?" त्याचे कान लाल झाले. वहीच्या कोपऱ्यावर पेन घासत तो म्हणाला, "मिस, मी फक्त विद्यार्थी आहे." त्या दिवशी वर्गात समानतेची वागणूक नेमकी कुणाला मिळाली नाही, ते मला कळलं.

मग कलम १. इथे हवे तेवढे तास घाल. तुला-मला नागरिकशास्त्रात कलम १९ चे 'वाजवी निर्बंध' पाठ करावे लागले होते. इथे हक्कांची मर्यादा चार्टरच्या पहिल्याच कलमात सांगून ठेवली आहे. ती कुठवर ताणायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या ओक्स निकालाने ठरवलं. हेतू खरंच महत्त्वाचा आहे का? उपायाचा त्या हेतूशी संबंध आहे का? हक्काला कमीत कमी धक्का लागतो का? आणि मिळतं त्या मानाने गमावतो किती? मुल्तानीत शाळेची बाजू तिसऱ्या प्रश्नावर पडली. कृपाण म्यानात घालून कपड्यांच्या आत शिवून ठेवता येत होती, मग सरसकट बंदी कशाला? मुलांनी हे स्वतः शोधलं, तर तुला समजावत बसावं लागणार नाही.

कुणीतरी विचारेलच, "मॉलमधल्या दुकानदाराने हाकललं, चार्टर लावू का?" नाही. चार्टर सरकारला बांधतो. दुकानदार, घरमालक यांच्यासाठी ऑन्टारियो प्रांताचा मानवी हक्क कायदा आहे, १९६२ पासून. हा फरक पुस्तकातून डोक्यात शिरत नाही. दहा डॉलरची नोट घेऊन जा, तिच्यावर व्हायोला डेस्मंडचं चित्र आहे. ही कृष्णवर्णीय बाई १९४६ मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या थिएटरात गोऱ्यांच्या जागेवर बसली, आणि खटला झाला तो तिकिटावरच्या एका सेंटच्या करमणूक कराचा! आरोपात वंशाचा उल्लेखच नव्हता. तेव्हा चार्टरही नव्हता. "मग दाद मागायची तरी कशाखाली?" असं विचार आणि गप्प बस.

कलम ३३ शेवटी घे, म्हणजे चार्टरमधले काही हक्क बाजूला ठेवून कायदा करायची सरकारला मुभा देणारं कलम. मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकने २०१९ मध्ये ते वापरून नव्या शिक्षकांना धार्मिक चिन्हं घालायला मनाई केली, हे सांगितलंस की मुल्तानीवाला गट पुन्हा उसळेल. "मग कोर्टाचा उपयोग काय?" याचं उत्तर घाईने देऊ नकोस. मला अजून धड देता येत नाही.

नोट वर्गात फिरवलीस तर परत आली का बघ. माझी एका वर्षी आलीच नाही.

तुझी,
ताई