सरकारी प्रकल्पांच्या संनियंत्रण व मूल्यमापनात मानवकेंद्री रचनेचा खरोखर उपयोग होतो का?

आपण विचारले आहे की मानवकेंद्री रचनेमुळे (म्हणजे साधन वापरणाऱ्या माणसाचे काम आणि गरज आधी समजून घेऊन मग ते साधन घडवण्यामुळे) सरकारी प्रकल्पांचे संनियंत्रण आणि मूल्यमापन प्रत्यक्षात सुधारते, की हा केवळ कार्यशाळांमध्ये वापरायचा शब्द आहे. मासिक प्रगती अहवालांची प्रपत्रे तयार करणे आणि आलेली माहिती तपासणे हे काम मी काही वर्षे केले आहे, त्या आधारे लिहिते. उपयोग होतो, मात्र सुरुवात वरिष्ठांच्या डॅशबोर्डापासून न करता प्रपत्र भरणाऱ्या माणसापासून करावी लागते.

एका प्रकल्पात आम्ही कागदी प्रपत्र मोबाइल ॲपवर आणले. चाळीसहून अधिक रकाने होते आणि सगळे अनिवार्य. माहिती वेळेवर व पूर्ण भरून येऊ लागली, त्यामुळे आम्ही खूश होतो. पुढे तपासणीत दिसले की बहुतेक भेटींच्या तारखा महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांतल्या आहेत आणि ठिकाणही जवळजवळ एकच आहे. कामचुकारपणाचा शेरा मारण्यापूर्वी मी एका क्षेत्रीय कर्मचारी बाईंच्या शेजारी दिवसभर बसले. त्यांच्या पिशवीत एक लहान वही होती. भेट झाली की त्या त्यात घरनिहाय नोंद करत आणि महिनाअखेरीस रेघा मोजून ॲप भरत. ॲप मात्र निर्देशकनिहाय, म्हणजे मोजायच्या एकेका बाबीचा एकूण आकडा, विचारत असे, त्यामुळे प्रत्येक रकान्यासाठी अख्खी वही पुन्हा चाळावी लागे. तारखेच्या रकान्यात आपोआप त्या दिवसाची तारीख येत होती. जीपीएस सापडल्याशिवाय प्रपत्र पुढे सरकत नसे, म्हणून त्या इमारतीबाहेर मोकळ्यावर उभ्या राहून सगळ्या भेटी एकापाठोपाठ भरत. भेटी खऱ्या होत्या. चूक आमच्या प्रपत्राची होती. शून्याचेही तसेच. रिकामा रकाना चालत नसल्यामुळे ‘कोणीही आढळले नाही’ आणि ‘विचारलेच नाही’ या दोन्हींसाठी शून्यच टाकले जाई, आणि त्या शून्यांची आम्ही सरासरी काढत होतो!

त्यानंतर आम्ही प्रपत्राचा क्रम वहीप्रमाणे लावला, भेटीची तारीख वेगळी विचारली आणि प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिहिला: या आकड्यावरून कोण, कधी, कोणता निर्णय घेतो? जवळपास निम्म्या रकान्यांपुढे कोणाचेच नाव लिहिता आले नाही. ते काढणे हे सर्वांत अवघड काम ठरले, कारण ‘असू द्या, कधीतरी लागेल’ या वाक्याला कार्यालयात सहसा उत्तर नसते.

शास्त्र म्हणून पाहिले तर यात नवे फारसे नाही. मानवकेंद्री रचनेचे आयएसओ ९२४१-२१० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१० मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. वापराचा संदर्भ समजून घेणे, वापरणाऱ्याच्या गरजा ठरवणे, रचना करणे, ती तपासणे आणि गरजेप्रमाणे पुन्हा मागे जाणे, एवढेच त्याचे सार आहे. याउलट प्रकल्पांत सर्रास वापरली जाणारी लॉगफ्रेम चौकट, म्हणजे उद्दिष्टे, निर्देशक व पडताळणीची साधने एकत्र मांडणारा तक्ता, १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेसाठी तयार झाली. तिच्यात पडताळणीच्या साधनांचा स्वतंत्र रकाना असतो, पण ती पडताळणी कोण, कुठे उभे राहून, किती वेळात करणार, हे तो रकाना विचारत नाही.

ज्यांच्याविषयी माहिती गोळा होते ते लाभार्थीही या व्यवस्थेचे वापरकर्तेच आहेत, हे सहज विसरले जाते. केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने २००२ मध्ये आफ्रिकेतील मलावी देशात विकसित केलेली सामुदायिक गुणपत्रिकेची पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे: सेवा घेणारे आणि देणारे स्वतंत्रपणे गुण देतात, मग समोरासमोर बसून काय बदलायचे ते ठरवतात. माहिती वर जाऊन हरवत नाही, जिथून आली तिथेच आधी वापरली जाते.

दोन बाबतींत मात्र सावध राहावे. एखादा आकडा निर्णयासाठी जितका अधिक वापरला जातो तितका तो बिघडवण्याचा दबाव वाढतो, असे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच मांडले होते. उद्दिष्ट हुकल्यावर आढावा बैठकीत भरणाऱ्यालाच उभे केले जात असेल, तर सोप्या प्रपत्राने खोटी माहिती फक्त लवकर येईल. दुसरे असे की मानवकेंद्री म्हणजे यंत्रणेला सोयीचे नव्हे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या २०१९ च्या सुधारित मूल्यमापन निकषांमध्ये परिणामकारकता, प्रभाव, शाश्वतता असे सहा निकष आहेत. त्यांतला कोणता प्रश्न गैरसोयीचा आहे म्हणून गाळायचा, हे अंमलबजावणी करणाऱ्यांनी ठरवू नये. कसे विचारायचे हे त्यांच्यासोबत बसून ठरवावे, आणि मूळ निर्देशकांच्या व्याख्या तशाच ठेवाव्यात, नाहीतर प्रकल्पाच्या सुरुवातीला केलेल्या पायाभूत सर्वेक्षणाशी तुलनाच करता येणार नाही.

आपल्याकडे प्रणाली अजून विकत घ्यायची असेल, तर निविदेचा मसुदा करण्यापूर्वीच कागदावर छापलेले प्रपत्र चार-पाच जणांकडून त्यांच्या कामाच्या जागी भरून घ्यावे. करार झाल्यावर एक रकाना हलवायलाही बदलाचा प्रस्ताव, मंजुरी आणि जादा खर्च लागतो; कागदावर तो खोडरबराने हलतो.