क्लच लगेच बदला, हलकं फ्लायव्हील नको

तुमचं पत्र थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कासारवडवलीला राहता, नोकरी ऐरोलीला. गाडी २०१६ची डिझेल सेडान, ९६ हजार किलोमीटर पळालेली. रविवारी गायमुखच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी ओढत नाही. गॅरेजवाल्यांनी क्लच संपल्याचं सांगून दोन कोटेशन दिली. पहिलं, मूळ दर्जाचा क्लच सेट आणि नवं ड्युअल-मास फ्लायव्हील, मजुरीसकट ६९ हजार. (फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक, ज्यावर क्लच पकड घेतो; ड्युअल-मास म्हणजे ते दोन चकत्यांचं, मधे स्प्रिंगा असलेलं.) दुसरं, स्टेज २, म्हणजे मूळपेक्षा जास्त पकडीचा क्लच आणि हलकं, एकसंध सिंगल-मास फ्लायव्हील, ८२ हजार. तुमचं म्हणणं, फक्त १३ हजार जास्त घालून गाडीला जान येणार असेल तर का नको? पैसे क्रेडिट कार्डावर १२ हप्त्यांत, १५ टक्के व्याजाने, आणि तेवढे महिने ८ हजारांची एसआयपी बंद.

क्लच याच आठवड्यात बदला. स्लिप होणारा क्लच तसाच रेटला तर घर्षणाच्या उष्णतेने चांगलं फ्लायव्हीलही खराब होतं, आणि आज जो खर्च टाळता येतो तो खरंच गळ्यात पडतो. हलक्या फ्लायव्हीलला मात्र माझा नकार आहे. त्याचं पहिलं कारण असं की तुम्ही म्हणता तो १३ हजारांचा फरक बहुतेक अस्तित्वातच नाही.

पहिल्या कोटेशनमधले ४५ हजार एकट्या फ्लायव्हीलचे आहेत. ते बाद झालंय हे ठरवलं कुणी? गिअरबॉक्स अजून उतरलेलाच नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं घासलेल्या क्लच प्लेटची आहेत. ड्युअल-मास फ्लायव्हील जातं तेव्हा इंजिन बंद करताना किंवा चालू होताना खडखड येते, उभ्या गाडीत थरथर जाणवते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. गिअरबॉक्स खाली आला की मेकॅनिकला फ्लायव्हीलची मागची चकती हाताने दोन्ही बाजूंना फिरवून तिचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, मोजता येतो आणि उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहता येतो. ग्रीस बाहेर आलंय का, पृष्ठभागावर जळाल्याचे निळे डाग किंवा चिरा आहेत का, हेही तिथेच दिसतं. खेळ मर्यादेत असेल तर तेच फ्लायव्हील परत बसतं आणि तुमचं बिल २४ हजारांवर थांबतं. म्हणजे तुलना ६९ विरुद्ध ८२ अशी नसून २४ विरुद्ध ८२ अशी आहे. फरक ५८ हजारांचा!

"गिअरबॉक्स उतरतोच आहे तर करून टाकू" या वाक्याने अनेकांची बिलं फुगलेली मी पाहिली आहेत. त्यात तथ्य आहे, मजुरी एकदाच लागते हे खरं. पण तो न्याय लावायचा असेल तर रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील यांना लावा. सील झिरपत असेल तर नव्या क्लच प्लेटवर तेल जाऊन सगळा खर्च वाया जाईल. तिथे पैसे घालायला माझी ना नाही.

आता हलक्या फ्लायव्हीलचा फायदा. तो खरा आहे, तुमच्या मित्रांनी थापा मारलेल्या नाहीत. इंजिनाला फिरवायचं वजन कमी झालं की आरपीएम झटकन चढतो, झटकन उतरतो, खालचा गिअर टाकताना ठेका छान जुळतो. चेन्नईच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर हा आनंद पैसे वसूल करणारा असेल. पण इंजिनाची ताकद त्याने वाढत नाही. शिवाय कमी झालेल्या वजनाचा परिणाम गिअरच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणवतो आणि चौथ्या-पाचव्यात जेमतेम. तुमचा पहिला-दुसरा गिअर कुठे खर्च होतो? पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, मग कळवा आणि विटावा. तिथे गाडी दोन हात पुढे सरकते आणि थांबते. अशा सरकण्यात जड फ्लायव्हीलच उपयोगी पडतं, कारण त्याच्यात साठलेला जोर इंजिन बंद पडू देत नाही. हलकं बसवलंत तर दर वेळी थोडा जास्त अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागेल, आणि जास्त आरपीएमवर क्लच सोडणं म्हणजे नवा क्लचही लवकर झिजवणं.

त्यात तुमचं इंजिन डिझेल. डिझेलचे धक्के पेट्रोलपेक्षा जोरकस असतात. ते गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून तर कंपनीने दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा असं महागडं फ्लायव्हील दिलंय. ते काढून एकसंध हलकं बसवलं की न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स वाजतो, आणि स्प्रिंगा गिळत होत्या ते हादरे पुढे जातात.

स्टेज २ क्लचचंही तसंच. मूळ क्लच मूळ इंजिनाच्या टॉर्कसाठी पुरेसा असतो. त्याहून जास्त पकड विकत घेतली तरी ती वापरायला इंजिनात तेवढा जोर नाही. मग तो जोर आणण्यासाठी रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलणं. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंच आहे, "२८ हजारांत रीमॅप नंतर बघू." म्हणजे निर्णय ८२ हजारांचा नसून १ लाख १० हजारांचा आहे, आणि तोही डीलरने सव्वातीन लाख किंमत सांगितलेल्या गाडीवर. विकताना यातला रुपयाही सुटा मिळत नाही. उलट जुनी गाडी घेणारा टेस्ट ड्राइव्हला कडक क्लच दाबतो, न्यूट्रलमधला आवाज ऐकतो आणि भाव पाडतो.

पत्रातलं एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. शनिवारी तुमच्या पत्नी हीच गाडी घेऊन तुमच्या वडिलांना फिजिओथेरपीला ठाण्यात नेतात. स्टेज २ क्लचमधली जास्त दाबाची प्रेशर प्लेट म्हणजे जड पेडल. सिरॅमिक गुट्ट्यांची प्लेट असेल तर क्लच एकदम पकडतो आणि गाडी हिसके देते. माजिवड्याच्या पुलावर चढताना ट्रॅफिक थांबला, मागे बस चिकटून उभी आहे, शेजारी गुडघ्याचं दुखणं घेऊन सासरे बसले आहेत, अशा वेळी पत्नींच्या डाव्या पायाला काय सोसावं लागेल याचा विचार करा. हा निर्णय घेण्याआधी त्यांना विचारलंत का?

विम्याचं थोडक्यात. झीज आणि यांत्रिक बिघाड मोटार पॉलिसीत धरलेले नसतात, त्यामुळे क्लचचा खर्च कुठल्याही परिस्थितीत तुमचाच. गाडीत फेरबदल केले तर विमा कंपनीला कळवावे लागतात. न कळवता केलेला रीमॅप अपघाताच्या क्लेममध्ये अडचण उभी करू शकतो.

आता पैशांकडे येऊ. महिन्याला हातात ७८ हजार येतात. घराचा हप्ता ३१, घरखर्च २८, इंधन ७, एसआयपी ८. उरतात ४ हजार. आपत्कालीन निधी १ लाख ४० हजार, म्हणजे एसआयपी सोडून लागणाऱ्या ६६ हजारांच्या हिशोबाने जेमतेम दोन महिन्यांचा. गृहकर्ज डोक्यावर असताना तो सहा महिन्यांचा, म्हणजे ४ लाखांच्या आसपास असावा, असं माझं मत आहे. अशा घडीला ८२ हजार कार्डावर घेतले तर हप्ता सुमारे ७,४०० येतो, वर्षाचं व्याज ६,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी, प्रक्रिया शुल्क वेगळं. हे ८ हजार एक वेळ सोडून देऊ. वर्षभर न भरलेली ९६ हजारांची एसआयपी मला जास्त खुपते. वार्षिक १० टक्के धरले तर १५ वर्षांत त्याचे साधारण ४ लाख होतात. बाजार तेवढे देईलच अशी हमी नाही, पण एका फ्लायव्हीलसाठी किती सोडताय याचा अंदाज यावा.

म्हणून असं करा. जॉब कार्डावर लिहून घ्या: "क्लच सेट बदलणे. फ्लायव्हीलचा खेळ मोजून ग्राहकाला दाखवल्याशिवाय नवं फ्लायव्हील मागवू नये." गिअरबॉक्स उतरेल त्या दिवशी अर्धी सुट्टी घ्या आणि समोर उभे राहा. जुनी प्लेट रिव्हेटपर्यंत घासली आहे का ते स्वतः पाहा, काढलेले भाग परत मागा. २४ हजार आपत्कालीन निधीतून द्या. उरणारे ४ हजार दर महिन्याला परत टाकलेत तर सहा महिन्यांत खड्डा भरतो. एसआयपीला हात लावू नका.

आठवड्यातून दोन दिवस ठाणे स्टेशनपर्यंत टीएमटीच्या बसने जाऊन ट्रान्स-हार्बर लोकल धरता येईल का, तेही पाहा. दिघ्यानंतर लगेच ऐरोली. इंधन वाचेलच, नवा क्लचही जास्त टिकेल. बाकी दिवशी रांगेत क्लचवर पाय ठेवून थांबू नका, न्यूट्रल टाका.

मोजल्यावर फ्लायव्हील खरंच बाद निघालं, तरीही ड्युअल-मासच बसवा. ते ६९ हजार निधीतूनच जाऊ द्या, कार्डावर नको. त्या परिस्थितीत एसआयपी बंद न करता ४ हजारांवर आणा आणि महिन्याला ८ हजार निधीत भरा. नऊ महिन्यांत रक्कम पूर्ववत होईल, तेव्हा एसआयपी पुन्हा ८ हजार करायची.