द्राक्षवेल नवीन लावताय? आधी एवढंच बघा

पहिल्या वर्षी घडांचा विचार डोक्यातून काढून टाका. त्या वर्षात मुळं आणि एक सरळ खोड तयार झालं की झालं. दिवसाला 6-7 तास ऊन आणि पाण्याचा निचरा मात्र हवाच.

नवखे अडतात ते छाटणीला, कात्री चालवायला जीव होत नाही! पण घड धरतात ते गेल्या हंगामातल्या, पिकून तपकिरी झालेल्या काडीच्या डोळ्यांतून (कोंब फुटायच्या जागांतून) निघालेल्या नव्या फुटीवर. थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात असेल तर काडी फार आखूड करू नका. बुडाजवळच्या डोळ्यांत घड क्वचितच असतो. 8-10 डोळे राखा.

नेहमीच्या चुका:
- खताचा मारा. नुसती पानं माजतात.
- पानांवर पाणी. केवड्याला, म्हणजे पानांवरच्या बुरशीसारख्या रोगाला, आमंत्रणच.

संजीवकं (वाढीवर परिणाम करणारी फवारणीची द्रव्यं), गर्डलिंग (खोडाची किंवा काडीची साल गोलाकार काढणं) यांचं आत्ता नावही काढू नका.