लंडनमध्ये शिकत असताना एका दिवसाच्या सहली केव्हा आणि कशा आखाव्यात?

एका वर्षाच्या मास्टर्ससाठी लंडनला आल्यानंतर अभ्यास आणि खर्च सांभाळून एका दिवसात कुठे जाऊन येता येईल, आणि अशा सहली केव्हा कराव्यात, असे तुम्ही विचारले आहे. मीही तिथे एक वर्ष शिकलो. ठिकाणे तुम्हाला कुठेही सापडतील. चुकतो तो वेळेचा अंदाज, म्हणून ‘केव्हा’चे उत्तर आधी देतो.

बहुतेक विद्यार्थी सप्टेंबरअखेरीस येतात आणि आधी बस्तान बसवू, मग निवांत फिरू, असे ठरवतात. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, डिसेंबरात दुपारी चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, पुढे सबमिशन आणि परीक्षा सुरू होतात, आणि रात्री नऊपर्यंत उजेड असणारे जून-जुलै येतात तेव्हा प्रबंध मानगुटीवर बसलेला असतो. म्हणून माझा आग्रह आहे की पहिली सहल आल्यापासून तीन आठवड्यांच्या आत करावी, मग खोलीतले सामान अजून लागलेले नसले तरी हरकत नाही.

माझी पहिली सहल मात्र फसली. विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ एकाच दिवसात दाखवणाऱ्या बसचे तिकीट मी काढले होते. स्टोनहेंजला जेमतेम पाऊण तास मिळाला, बाथला पोहोचेपर्यंत सगळे दमून गेले होते, आणि त्या दिवसातले आज ठळक आठवते ते बसच्या काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी. त्यानंतर वर्षभर मी एका दिवसात एकच गाव पाहिले आणि ते रेल्वेने जाऊन पाहिले.

रेल्वे महाग आहे हे खरे, परंतु १६-२५ रेलकार्ड या तरुणांसाठीच्या सवलतकार्डामुळे बहुतेक भाड्यांवर एक तृतीयांश सवलत मिळते. त्याची वार्षिक किंमत ३५ पौंड असून ती काही फेऱ्यांतच वसूल होते. पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास वयाची पंचविशी उलटली असली तरी हे कार्ड काढता येते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत मात्र या कार्डाला किमान भाड्याची अट असते, पण जुलै-ऑगस्टमध्ये ती लागू नसते. स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला सांगून रेलकार्ड ऑयस्टर कार्डाला, म्हणजे लंडनमधल्या प्रवासाचे भाडे भरण्याच्या कार्डाला, जोडून घ्या, म्हणजे शहरातल्या ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून केलेल्या) प्रवासावरही सवलत मिळते. तिकीट शक्यतो ऑफ-पीक डे रिटर्न, म्हणजे त्याच दिवशी परतायचे, काढावे. ॲडव्हान्स तिकीट स्वस्त पडते, पण ते ठरलेल्या गाडीलाच चालते, आणि परतीची गाडी अशी बांधून घेतली की दुपारपासून सारखे घड्याळाकडे लक्ष जाते. रविवारी रुळांची कामे निघतात आणि गाडीऐवजी बसमध्ये बसावे लागते. त्यामुळे शनिवार बरा, आणि निघण्याच्या आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा एकदा पाहावे.

सुरुवात सेंट अल्बन्सपासून करा, असे मी सुचवेन. बऱ्याच विद्यापीठांत बुधवारी दुपारी तास ठेवत नाहीत, आणि सेंट पँक्रसहून जलद गाडीने हे गाव सुमारे २० मिनिटांवर आहे, म्हणजे अर्धा दिवसही पुरतो. तिथल्या कॅथीड्रलचे बांधकाम १०७७ मध्ये सुरू झाले. ते बांधणाऱ्यांनी शेजारी ओस पडलेल्या व्हेरुलेमियम या रोमन नगराच्या विटा उचलून मनोऱ्यात बसवल्या. त्या विटा आपल्या नेहमीच्या विटांपेक्षा पातळ आणि पसरट आहेत. आधी उतारावरच्या बागेत उरलेल्या रोमन तटाजवळ जाऊन तीच वीट जवळून पाहावी आणि मग मान वर करून मनोऱ्याकडे पाहावे. एका जुन्या नगरातून दुसरे कसे उभे राहते हे मला तिथे उमगले, ते वर्गात कधी इतके स्पष्ट झाले नव्हते.

दिवसभर चालण्याची तयारी असेल तर सीफर्डहून सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांवरून ईस्टबर्नला जा. व्हिक्टोरियाहून लुईसला गाडी बदलून सीफर्डला पोहोचायला साधारण दीड तास लागतो, आणि परतताना ईस्टबर्नहून थेट गाडी मिळते. चाल २० किलोमीटरहून अधिक आहे. आम्ही ती नोव्हेंबरच्या मध्यात केली, आणि कुकमेअर नदीच्या मुखाशी येऊन थांबलो. पलीकडचे कडे हाताच्या अंतरावर दिसत होते, पण मुखाशी पूल नाही. तो आत एक्सीटला आहे, म्हणजे तिथवर जायचे आणि पलीकडच्या काठाने तितकेच परत यायचे. नकाशावर ही गोष्ट आम्ही पाहिलीच नव्हती. पुलाशी पोहोचलो तेव्हा उजेड तास-दीड तासच उरला होता, म्हणून पुढची चाल सोडून ब्रायटन-ईस्टबर्न मार्गावरची १२ क्रमांकाची बस पकडली. एप्रिलमध्ये पुन्हा जाऊन ती चाल पूर्ण केली. हे कडे खडूचे आहेत आणि त्यांच्या कडा कधीही ढासळतात, तेव्हा छायाचित्रासाठी काठाजवळ अजिबात जाऊ नका. गवताखाली पोकळी आहे की नाही हे वरून कळत नाही.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज तुम्ही पाहालच. किंग्ज क्रॉसहून केंब्रिजला जलद गाडीने पाऊण-एक तास लागतो. सत्र चालू असताना किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये संध्याकाळची गायनप्रार्थना विनामूल्य ऐकता येते, तेव्हा तीच वेळ साधून जा. ऑक्सफर्डला पॅडिंग्टनहून सुमारे एक तास लागतो, आणि तिथले १६८३ मध्ये सुरू झालेले ॲशमोलियन संग्रहालयही विनामूल्य आहे.

समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेने पॅरिस सव्वादोन-अडीच तासांवर असल्यामुळे तिथेही एका दिवसात जाऊन येऊ, असे वाटू शकते. परंतु भारतीय पासपोर्टवर त्यासाठी वेगळा शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) व्हिसा लागतो, ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा तिथे चालत नाही. तो मिळवण्याची खटपट एका दिवसासाठी करू नका. ईस्टरच्या सुट्टीत चार दिवस काढून जायचे असेल, तर अर्जाची तयारी जानेवारीतच सुरू करा.