विळीने बोट कापलं म्हणून रात्रभर जागू नकोस

अगं, कांदा चिरताना बोट कापलं की आधी नळाखाली धर. साबण लावून नीट धू, मग स्वच्छ फडक्याने 10 मिनिटं घट्ट दाबून ठेव. मध्येच उचलून बघायचं नाही. तिथेच सगळ्यांचा धीर सुटतो. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही भरू नकोस.

धनुर्वाताचं म्हणशील, तर गंजलेल्या लोखंडाने तो होतो असं सगळे म्हणतात, पण दोष गंजाचा नाही. त्याचे जंतू माती-शेणात असतात आणि खोल, अरुंद जखमेत वाढतात. म्हणून धुतलेल्या विळीच्या कापापेक्षा कुंडीतल्या मातीत रुतलेला खिळा जास्त काळजीचा. धनुर्वाताच्या लसीचे आधीचे डोस पूर्ण असतील, तर लहान स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसपासून 10 वर्षांच्या आत पुन्हा इंजेक्शन लागत नाही. माती गेली असेल किंवा जखम खोल असेल, तर ही मर्यादा 5 वर्षांची धरतात. शेवटच्या इंजेक्शनची तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेव, म्हणजे 'टीटी घेऊन ये' म्हणणाऱ्या शेजारणींना दाखवता येईल.

पहिल्या दिवशी कडेला थोडी लाली आणि ठणका असतोच. लाली पसरायला लागली, पू झाला, ताप आला किंवा बोट वाकेना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या बारीक जखमेचीही हयगय नको.