ट्रकच्या टर्बोवरचा एक्झॉस्ट क्लॅम्प नट सैल करूनही सुटत नाही, काय करावं?

नट सैल झाला तरी क्लॅम्पची पट्टी सुटत नाही, कारण तिची आतली व्ही आकाराची खाच दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या दोन्ही बाजूंच्या रुंद कडांवर) गंजाने घट्ट बसलेली असते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम टर्बोवर तेल फवारलं तर पेट घेऊ शकतं. गंज सोडवणारं तेल बोल्टच्या आट्यांवर आणि पट्टीच्या कडेने मारून रात्रभर मुरू द्या. मग नट बोल्टच्या टोकापर्यंत आणा, पण काढू नका (पट्टी उसळून तोंडावर येते), आणि छोट्या हातोडीने पट्टीवर गोल फिरत हलके ठोके द्या. बोल्टच्या समोरची बाजू सहसा शेवटी सुटते. टर्बोच्या बिडाच्या हाउसिंगवर टेकवून पहार लावू नका, तडा जाईल. नटच फिरत नसेल तर सरळ बोल्ट कापा. क्लॅम्प नवाच टाका.